एका पॉइंटची खोड

"नडत नसेल तर ती खोड कसली? फुकटचे पॉइंट झाले ते," असं म्हणत आमच्या जीएमने काकांच्या शीटवर खोडरबर फिरवला. 'मजुरी फक्त अंकुशी रुपयांत घेतो' ही ओळ गेली आणि तिच्यासमोरचा उणे एकही गेला. काका काही बोलले नाहीत. पण एरवी कुणाला बोलू न देणारा त्यांचा गुमास्ता त्या रात्री जेमतेम चार-पाच वाक्यं बोलला. साडेदहाला डबे आवरले आणि आम्ही उठलो.

या गोष्टीला चार महिने होऊन गेले. मध्यंतरी जीएमने आणखी एका गटात हाच नियम लावला, आणि आता तर त्याचा सिद्धांतच झाला आहे: पात्राचा दोष कितीही किरकोळ असो, त्याने पात्राचं काहीतरी बिघडलंच पाहिजे, बिघडत नसेल तर पॉइंट परत. जीएम माझा जुना मित्र आहे, खेळ झकास चालवतो, आणि या एका मुद्द्यावर साफ चुकतो आहे. मी हे त्याच्या तोंडावर बोलले. "लिहून दाखव," म्हणाला. म्हणून हा खटाटोप.

टेबलटॉप रोलप्लेइंग ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकापुढे एका पात्राचा कागद असतो, त्याला शीट म्हणतात. एक जण जग चालवतो, तो जीएम. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे फासे टाकतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत आला, तेव्हा पात्राची ताकद, बुद्धी वगैरे फासेच ठरवत. जे पडेल ते पदरात. पुढे काही खेळांनी पात्र विकत घेण्याची पद्धत आणली. ठरावीक पॉइंट हातात मिळतात, त्यांतून ताकद घ्या, घोडेस्वारी घ्या, चार भाषा घ्या. पॉइंट कमी पडले तर दोष घ्या, त्याबद्दल वरचे पॉइंट मिळतील. एका डोळ्याने आंधळे व्हा, लोभी व्हा, तापट व्हा.

आम्ही खेळतो तो गर्प्स याच घराण्यातला. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सने तो १९८६ साली काढला, सध्याची चौथी आवृत्ती २००४ची. तिच्यात लोभ हा उणे १५ पॉइंटांचा दोष आहे, एक डोळा नसणं हाही उणे १५ चा. आणि या मोठ्या दोषांच्या खाली एक बारका कप्पा आहे, त्यातल्या नगाला 'क्वर्क' म्हणतात. आम्ही टेबलावर सरळ 'खोड' म्हणतो. प्रत्येक खोड उणे एक पॉइंटाची, आणि एका पात्राला जास्तीत जास्त पाच. पुस्तक फरक छान समजावतं: पैशासाठी वाटेल ते करणं हा लोभ, म्हणजे दोष; पण मोबदला सोन्यातच हवा असा हट्ट ही झाली खोड. काकांनी ते वाचलं आणि सोन्याच्या जागी अंकुशी रुपया घातला, कारण आमचा खेळ पेशवाईतल्या पुण्यात चालतो आणि त्यांचा गुमास्ता सराफाच्या पेढीवर वाढलेला आहे.

जीएमची बाजू आधी नीट मांडते, कारण ती लेचीपेची नाही. पॉइंट हे या खेळातलं चलन आहे, असं तो म्हणतो. चलन फुकट वाटलं की त्याची किंमत जाते. ज्याने बहिरेपण घेतलं तो प्रत्येक सेशनला ते भोगतो. कुजबुज ऐकू येत नाही, मागून येणारा मारेकरी कळत नाही. त्याच्या शेजारी बसलेला 'मिशीला पीळ देतो' असं लिहून पॉइंट खिशात घालतो आणि त्याचं काहीही वाकडं होत नाही. हा कुठला न्याय? शिवाय पॉइंटापुढे उणे चिन्ह आहे. उणे म्हणजे उणेपणा.

हा विचार त्याच्या पदरचा नाही, आणि हे मी त्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. १९८१ साली जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांनी 'चॅम्पियन्स' हा सुपरहिरोंचा खेळ काढला. दोष घेऊन पॉइंट मिळवण्याची चाल रूढ झाली ती मुख्यतः तिथून. त्या घराण्याचा दंडक असा, की जी मर्यादा पात्राला आड येत नाही तिचे पॉइंट मिळत नाहीत. सुपरहिरोच्या शक्तीपुरता हा दंडक अगदी बरोबर आहे. 'माझा किरण फक्त पाण्याबाहेर चालतो' असं लिहून कुणी सूट मागू लागला आणि कथानकात पाणीच नसेल, तर त्याला सूट देऊ नये. एका आकड्यातून दुसरा आकडा वजा करण्याचा तो हिशोब आहे. पण माणसाची लकब ही काही किरण नव्हे. तिच्यावर हाच दंडक चालवला की काय होतं, ते आम्ही चार महिने भोगतो आहोत.

मुळात काकांचा पॉइंट गेला कशामुळे? आमच्या चौघांना एका सरदाराच्या माणसाने कामगिरी दिली आणि विसार म्हणून थैली पुढे सरकवली. बाकीचे तिघे निघायच्या तयारीत. काकांनी थैली उघडल्याचा अभिनय केला, टेबलावरचा एक फासा उचलून नखाने वाजवला, कानाशी नेला आणि म्हणाले, "हे अंकुशी नव्हेत." जीएम गडबडला. नाणी कुठली याचा त्याने विचारच केला नव्हता. पण तो हुशार आहे, दोन क्षण थांबून म्हणाला, "चांदवडी आहेत." काका म्हणाले, "मग बट्टा कोण भरणार?" त्या काळी ज्या त्या टांकसाळीचा रुपया वेगळा, आणि एकीकडचा दुसरीकडे चालवायचा तर सराफ बट्टा कापून घेणार, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या एका प्रश्नात अख्खी बाजारपेठ दिसते. आमच्यातल्या वैद्याने मग विचारलं, की पुण्याच्या सरदाराच्या माणसाकडे सगळीच्या सगळी थैली चांदवडी कशी? तो माणूस सरदाराचा नव्हताच. पुढचे तीन सेशन त्यातून निघाले. जीएमच्या वहीत यातलं काही नव्हतं. हे त्याने स्वतः कबूल केलं आहे.

आणि पुढच्याच शनिवारी त्याने ती खोड पुसली. कारण काय, तर ती नडली नाही, उलट कामाला आली!

त्या एका पॉइंटाकडे तो नुकसानभरपाई म्हणून बघतो. भरपाई म्हटली की आधी नुकसान दाखवावं लागतं, पंचनामा करावा लागतो. मी त्याला मानधन समजते. खेळाडूने आपल्या पात्राबद्दल पाच ओळी लिहिल्या, आणि त्या पाच ओळी दर सेशनला टेबलावर आणायचं कबूल केलं, त्याबद्दलचं हे मानधन. आमच्या शाळेत वहीला नीटनेटकेपणाचे पाच गुण असत. अक्षर सुवाच्य काढल्यामुळे तुझं काय नुकसान झालं ते दाखव, असं बाईंनी कधी कुणाला विचारलं नाही. मराठीत पॉइंटालाही गुणच म्हणतात, त्यामुळे 'दोषाचे गुण' म्हटलं की घोटाळा आपोआप होतो. पण तो भाषेचा घोटाळा आहे, खेळाचा नाही. उणे चिन्हाचंही तेच. ती जमाखर्चाची एक बाजू आहे. कर्जाच्या रकान्यात लिहिलेला प्रत्येक रुपया दुःखाचा असतो असं नाही.

बरं, पुस्तकच याबाबत काय म्हणतं? खोडीची किंमत उणे असली तरी ती तोट्याचीच असेल असं नाही, हे गर्प्सने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. त्याच्या नमुन्याच्या यादीत मोकळ्या मनाचा असणं ही खोड आहे. नम्र असणं ही खोड आहे. सावध असणं, म्हणजे तयारीवर जास्तीचा वेळ नि पैसा घालवणं, हीसुद्धा. यातल्या नम्रपणाने कुणाचं काय बिघडतं? आता पुस्तकात आहे म्हणून ते खरं, हा युक्तिवाद मला चालत नाही. पुस्तकातले कितीतरी नियम आम्ही गुंडाळून ठेवले आहेत. पण निदान जीएमने 'मी मूळ नियमच कडक पाळतो आहे' असा आव तरी आणू नये. त्याने नवा नियम केला आहे.

आणि तो नवा नियम ज्या चोरासाठी केला, तो चोर त्यात सापडतच नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या साडेतीन आवृत्तीसाठी २००४ साली 'अनअर्थ्ड अर्काना' नावाचं ऐच्छिक नियमांचं पुस्तक आलं. त्यात पहिल्या पातळीच्या पात्राला दोन दोषांपर्यंत मुभा होती, आणि दर दोषामागे एक जास्तीचं 'फीट', म्हणजे भरभक्कम कौशल्य. एक दोष असा होता, की हातघाईच्या लढाईत प्रत्येक वाराला उणे दोन. चांगला घसघशीत तोटा! तो कोण घेई? जादूगार. जो आयुष्यात तलवारीला हात लावत नाही, मागे उभा राहून आगीचे गोळे फेकतो, तो. धनुष्यबाणाला उणे दोन हा दोष फरशीवाला घेई. कागदावर नुकसान चोख, पंचनामा पुरा, आणि प्रत्यक्ष टेबलावर त्या दोषाचं एकदाही दर्शन नाही. जीएमच्या कसोटीवर हा जादूगार उत्तीर्ण होतो, कारण नुकसान तर लिहिलेलं आहे. काका नापास होतात.

जीएम यावर म्हणेल, की मी कागदावरचं नाही, प्रत्यक्षातलं नुकसान बघतो. हो, बघतोस. त्याचीच आता गोष्ट सांगते.

काकांचा पॉइंट गेल्यावर नियम जाहीर झाला: दर तीन सेशननी झडती. ज्याची खोड तेवढ्यात एकदाही नडली नसेल त्याचा पॉइंट काढून घेणार. आमच्यातला बारगीर खेळणारा मुलगा एका आयटी कंपनीत नोकरीला आहे, हिशोबाला पक्का. त्याच्या बारगिराची खोड अशी, की मांजर आडवं गेलं की तो पाच पावलं मागे येऊन थांबतो. नियम येण्यापूर्वी ती फार मजेत चालायची. एखाद्या वाड्याच्या बोळात तो मध्येच थांबे, "गेलं का?" विचारी, आम्ही हसत असू, आणि गाडी पुढे जाई. कधी जीएमच मांजर सोडी. नियम आल्यावर तिसऱ्या सेशनला आम्ही रात्री नीरेच्या उतारावर होतो. मागे पाठलाग करणारे, पुढे पाणी, वैद्य शेवटी राहिलेला आणि त्याला घोड्यावर ओढून घ्यायचं काम बारगिराचं. अशा वेळी हा मुलगा जीएमला विचारतो, "इथे मांजर आहे का?"

आम्ही त्याच्याकडे बघतच राहिलो. नदीच्या उतारावर, मध्यरात्री, मांजर! पण जीएमलाही आपला नियम राखायचा होता. त्याने एका नावाड्याची झोपडी काढली, झोपडीतून मांजर काढलं. बारगीर पाच पावलं मागे गेला आणि थांबला. वैद्य पकडला गेला.

वैद्याची भूमिका करणारी बाई त्या रात्री नऊ वाजल्यापासून सेशन संपेपर्यंत नुसती बसून होती, कारण तिचं पात्र बांधून एका तळघरात टाकलं होतं. पुढच्या शनिवारी ती आली नाही. घरी काम होतं म्हणाली, असेलही. बारगिराचा पॉइंट मात्र सहीसलामत राहिला. त्याची खोड नडली होती ना!

हा हिशोब जीएमने मला एकदा मांडून दाखवावा. पॉइंट घेतला बारगिराने, किंमत मोजली वैद्याने. आणि किती किंमत? एका पॉइंटाच्या खोडीने उणे पंधराच्या दोषाला शोभेल असा तडाखा दिला. इथे एका फळीवरची माणसं एकमेकांवर अवलंबून असतात. एकाचं बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं. मोठा दोष घेताना ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. गटात तापट माणूस आहे, त्याला दरबारात पुढे करायचं नाही, एवढी खबरदारी बाकीचे घेतात, आणि त्यासाठी तापटपणाला फासे आहेत, भान राखता येतं की नाही ते तीन फासे टाकून बघतात. खोडीला असलं काहीच नाही. ती हलकी असते म्हणूनच तिला फासे लागत नाहीत. तिच्यावर नुकसानाचं ओझं लादलं की ती हलकी राहत नाही, आणि मांजर शोधत फिरणारा खेळाडू तयार होतो. पूर्वी तो बारगीर होता. आता तो आपल्या एका पॉइंटाचा राखणदार झाला आहे.

माझ्या कासारणीचंही सांगते. ती बांगड्या भरायच्या निमित्ताने कुठल्याही वाड्यात शिरते आणि समोरच्या बाईच्या तोंडाकडे बघण्याआधी मनगटाकडे बघते. चुडा कसा आहे, किती बांगड्या आहेत, एखादी फुटकी आहे का. एवढीच खोड. मला ती खेळायला इतकी आवडते, की जीएम नव्या बाईचं वर्णन करू लागला की मी हात वर करते आणि तो आपसूक मनगटापासून सुरुवात करतो. आठ महिन्यांत या खोडीने माझं वाकडं केलेलं नाही. झडतीच्या वेळी जीएमने सुचवलं, की एखादी खानदानी बाई या नजरेचा राग मानून तुला हाकलून देईल, म्हणजे पॉइंट वाचेल. मी म्हटलं, नको, काढ पॉइंट. तेव्हापासून माझ्या शीटवर चारच खोडी आहेत आणि मी मनगटाकडे अजून बघते, पदरच्या खर्चाने.

आपल्याकडचं सगळ्यात जुनं उदाहरण भीमाचं. त्याचं नावच वृकोदर. गर्प्सच्या यादीत खादाडपणा हा खोडीहून मोठा, उणे पाचाचा दोष आहे, हे मला माहीत आहे. तरी भीमाला तो कुठे नडला ते दाखवा. एकचक्रा नगरीत बकासुराकडे अन्नाचा गाडा घेऊन जायची पाळी आली, तेव्हा कुंतीने पाठवलं त्यालाच. तिथे जाऊन भीम काय करतो? राक्षसासाठी आणलेलं अन्न स्वतःच खायला बसतो. बकासुर येतो, चिडतो, मागून दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत रट्टे घालतो, आणि भीम मान वर न करता जेवत राहतो. महाभारतातलं इतकं मजेदार आणि इतकं भीमाचं म्हणावं असं दुसरं दृश्य मला आठवत नाही. त्या दृश्यात ती भूक तोटाही नाही आणि फायदाही नाही. ती भीम आहे.

जीएम वाचलेला माणूस आहे. तो लगेच महाप्रस्थानावर बोट ठेवेल. हिमालयाच्या वाटेवर भीम कोसळतो आणि का कोसळलो असं विचारतो, तेव्हा युधिष्ठिर सांगतो, की तू फार खाल्लंस, दुसऱ्याचा विचार न करता खाल्लंस, आणि बळाच्या बढाया मारल्यास. सहदेवाला शहाणपणाचा गर्व, नकुलाला रूपाचा. म्हणजे खोडींची वसुली झालीच की! झाली, पण कधी? सगळी कथा संपल्यावर, शेवटच्या वाटेवर. दर तीन पर्वांनी झडती घेऊन व्यासांनी भीमाला कुठे अपचन करवलेलं नाही. आणि गंमत बघा, ज्या एका दोषाने राज्य, भाऊ, बायको सगळं पणाला लागलं, तो युधिष्ठिराचा द्यूताचा नाद त्या यादीत येतच नाही. मोठ्या दोषाची किंमत मोठी आणि वेळच्या वेळी, भर सभेत वसूल झाली. नडायचं कशाने आणि नुसतं दिसायचं कशाने, हा फरक तिथे पक्का ठाऊक आहे.

मध्यंतरी जीएमने तोडगा म्हणून 'फेट' पुढे केला. फेट कोअर हा २०१३चा, ईव्हिल हॅट कंपनीचा खेळ; त्यात दोषाबद्दल आगाऊ पॉइंट मिळत नाहीत. दोष आडवा आला आणि खेळाडूने तो मान्य केला, की त्या क्षणी एक फेट पॉइंट हातात. नको म्हणायचं तर पदरचा एक द्यायचा. ही पद्धत मला मनापासून आवडते. तिने फुकटेगिरीचा प्रश्न मुळातूनच संपवला. पण फेटमध्ये पात्राची ओळख जेमतेम पाच शब्दचित्रांत असते, त्यांतलं एक मुद्दाम संकटाचं. तिथे मनगटाकडे बघण्याची लकब कुणी त्या पाचांत घालत नाही. खेळाडू ती नुसती खेळतो. म्हणजे फेटने किरकोळ खोडीला नडायला लावलं नाही, तिला हिशोबाबाहेर ठेवलं. जीएमला तसं करायचं असेल तर करावं, पाचही पॉइंट सगळ्यांचेच काढावेत, मी एक शब्द बोलणार नाही. त्याला मात्र हिशोब गर्प्सचा हवा, वसुली फेटची हवी, आणि वर चॅम्पियन्सचा दंडक हवा.

'बर्निंग व्हील'मध्ये तर उलटी गंगा आहे. ल्यूक क्रेनच्या या खेळात पात्राची वैशिष्ट्यं पॉइंट मोजून विकत घ्यावी लागतात, त्यांत कुणी दुर्गुण म्हणेल अशीही. खेळाडू ती आनंदाने घेतात, कारण ती टेबलावर आणली की बक्षीस मिळतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने २०१४ साली प्रत्येक पात्राला एक दोष लिहायला लावला, पण त्याचं बक्षीस जीएमच्या लहरीवर सोडलं. दहातले नऊ जीएम ते द्यायला विसरत. २०२४च्या पुस्तकातून ते कोष्टकच गेलं. मला त्याचं दुःख झालं नाही.

आता जिथे जीएमचं बरोबर आहे तिथे तेही म्हणते. शरीराच्या खोडीला थोडा तरी तोटा हवा, आणि गर्प्सही तेच सांगतो. गालावर ठळक व्रण असेल तर तो कधीतरी ओळखू यावा. कारण व्रण 'खेळता' येत नाही. नडला नाही तर तो दिसणारच कसा? पाठीवर तीळ आहे असं लिहून पॉइंट मागणाऱ्याला हाकलावं. तसंच मेलेल्या खोडीचं. आमच्याच एका जुन्या खेळात कुणी 'समुद्र आवडत नाही' असं लिहिलं होतं आणि कथा सगळी घाटावर. तो पॉइंट जप्त व्हायला हवा होता, तेव्हा कुणी केला नाही. झडती घ्याच, पण विचारायचं ते एवढंच: गेल्या तीन सेशनमध्ये ही खोड टेबलावर कुणाला दिसली का? काकांच्या बाबतीत चौघांनी हात वर केले असते.

आणि अन्यायाचं म्हणाल तर आकडे बघा. आमची पात्रं दीडशे पॉइंटांची. पाच खोडींचे पाच, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. बुद्धीची एक पायरी वीस पॉइंटांना पडते. पाचही खोडी विकून तिचा चौथा हिस्सा मिळतो. शिवाय ही मुभा सगळ्यांना सारखी आहे. बहिरा माणूसही पाच खोडी घेतोच. पाचच्या पाच सगळेच घेत असतील तर फुकट कुणाला काय मिळालं? जीएमने मिशीवाल्याचा एवढा धसका घेतला आहे, पण मिशीला पीळ देणारा माणूस खरोखर दर सेशनला पीळ देत असेल, रागावताना एका बाजूला आणि खोटं बोलताना दुसऱ्या, तर त्याला पॉइंट द्यायला माझी तयारी आहे.

मित्रा, चार महिन्यांत तू सहा खोडी पुसल्यास. त्यांतली एकही खोटी नव्हती. बारगीर आता मांजराचं नाव काढत नाही, वैद्याची बाई एक शनिवार आड येते, आणि काकांनी गेल्या खेपेला विसाराची थैली न उघडता कमरेला लावली. आत कुठले रुपये होते ते तूही सांगितलं नाहीस. येत्या शनिवारी शीट मागून घे, ती ओळ परत लिही, आणि काकांचा एक पॉइंट काकांना दे.